शुगरच्या ओपीडीतले उदास रुग्ण : एकाच केंद्रात दोन्ही उपचार बसवायचे कसे?

खाडीकाठचा एमओ (वैद्यकीय अधिकारी) यांचा प्रश्न

नवी मुंबईतल्या नागरी आरोग्य केंद्रातली एनसीडी (शुगर, बीपी अशा असंसर्गजन्य आजारांची) ओपीडी. रुग्ण तुर्भे, रबाळे, दिघा या पट्ट्यातले : दगडखाणीवरचे, एपीएमसीच्या घाऊक बाजारातले हमाल, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले कंत्राटी कामगार, घरकामाला जाणाऱ्या बायका. अनेकांची उपाशीपोटी साखर दोनशेच्या खाली येत नाही. मेटफॉर्मिन झालं, ग्लिमेपिराइड वाढवलं, तरी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) नऊ-दहाच्या घरात. जरा बसवून विचारलं की बाकीचं बाहेर येतं. झोप नाही, कशात जीव लागत नाही, "आता काय राहिलंय डॉक्टर" असं हसत हसत म्हणतात.

नेमकं विचारतो. एक, पीएचक्यू-९ (डिप्रेशन मोजायची नऊ प्रश्नांची यादी) सगळ्यांना विचारायचा का? साखर चढलेल्या माणसाला थकवा, भुकेची गडबड, रात्रीची झोपमोड असतेच, मग गुण उगाच फुगत नाहीत का? दोन, आधी साखर आणायची की डिप्रेशनची गोळी लगेच सुरू करायची? तीन, कोणती गोळी, किती, आणि शुगरच्या औषधांशी कुठे अडतं? चार, मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली की बहुतेक जण जातच नाहीत. त्यावर काही उपाय आहे का? "समुपदेशन करावे" एवढंच उत्तर असेल तर ते माहीत आहे.

---

एनसीडी सिस्टर

पहिल्या प्रश्नाचं ओपीडीच्या बाजूने सांगते. नऊच्या नऊ प्रश्न सगळ्यांना विचारायला गेलात तर दुसऱ्या आठवड्यात कागद कोरे राहायला लागतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांचे शून्य भरले जातील. बीपीचा पट्टा फुगवायच्या आधी दोनच प्रश्न विचारायचे : गेल्या दोन आठवड्यांत कामात-करमणुकीत मन लागत नाही असं किती दिवस झालं, आणि उदास, निराश वाटलं असं किती दिवस. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली तरच उरलेले सात. आशाताईंच्या सीबॅकच्या (आजारांचा धोका तपासायच्या) नव्या फॉर्ममध्ये हे दोन प्रश्न आधीपासून आहेत, फक्त ते गुण फॉर्मबरोबर फाइलीत जातात आणि डॉक्टरांसमोर येत नाहीत. ते केसपेपरवर आणायची सोय करा.

सुरुवातीला सगळे रुग्णही नकोत. नव्याने शुगर निघालेले, पायाला जखम असलेले, इन्सुलिन नुकतं सुरू झालेले, अर्धांगवायू किंवा हृदयविकार होऊन गेलेले, आणि सलग दोनदा गोळ्या न्यायला न आलेले. एवढ्यांपासून सुरू करा. शेवटचा गट सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच समोर नसतो.

प्रश्न वाचून दाखवताना पुस्तकी मराठी वापरू नका. "आपणांस नैराश्य जाणवते का" म्हटलं की उत्तर "नाही". आपल्याकडे माणसं टेन्शन, कमजोरी, डोकं जड, छातीत धडधड, अंगात त्राण नाही असं बोलतात. पुरुष तर चिडचिड आणि पिणं एवढंच दाखवतात. त्यांच्या शब्दात विचारा, गुण मात्र छापील फॉर्मच्या अर्थाने द्या.

नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, दारात उभं राहून किंवा रांगेत विचारायचा नाही. आशाताई त्याच गल्लीतल्या असतात, म्हणून घरी फक्त पहिले दोन. पुढचे केंद्रात, पडद्याआड, सोबतच्या नातेवाइकाला "जरा औषधाच्या खिडकीवर नंबर लावा" म्हणून बाहेर पाठवून. केसपेपरवर "डिप्रेशन" असं ठळक लिहू नका. तो कागद घरी सगळे वाचतात आणि शेजारीही वाचतात. "पी-९ : १४" एवढं लिहिलं तरी आपल्याला पुरतं.

---

ठाणे_मनोविकार

गुण फुगण्याची शंका रास्त आहे. पीएचक्यू-९ मधले झोप, थकवा, भूक आणि थोड्या प्रमाणात एकाग्रता हे प्रश्न शुगरशी सरळ आपटतात. म्हणून बेरजेबरोबर १, २, ६ आणि ९ हे प्रश्न वेगळे बघा : आवड जाणे, उदासी, स्वतःला नालायक समजणे, मरणाचे विचार. बेरीज १३ आहे पण हे चारही शून्य-एकवर असतील तर आधी साखर उतरवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. बेरीज ११ च आहे पण यातले दोन-तीन प्रश्न २-३ वर असतील तर साखरेची वाट पाहू नका.

झोपेचं नीट उलगडून विचारा. रात्री उठता ते लघवीला का? परत लगेच झोप लागते का? लागत असेल तर ती बहुधा साखरेची झोपमोड. पहाटे तीन-चारला जाग येते, लघवीची घाई नाही, पण डोक्यात विचार फिरतात आणि झोप येत नाही, हे डिप्रेशनकडे झुकतं. आणि पहाटे घाम येऊन, धडधडत, भुकेने जाग येत असेल, वर रात्रीचं ग्लिमेपिराइड किंवा ३०/७० इन्सुलिन चालू असेल, तर ती "घबराट" समजून गोळी देऊ नका. पहाटे तीनची साखर एकदा मोजून आणायला सांगा. ग्लुकोमीटर आणि दोन पट्ट्या घरी देऊन दुसऱ्या दिवशी परत घेता येतात. साखर ७० च्या खाली निघाली तर दुखणं आपल्याच गोळीचं आहे.

औषध लिहिण्याआधी चार गोष्टी तपासा : हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), दारू, आणि मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ कमी होतं, शाकाहारी असतील तर आणखी. त्याने पायाला मुंग्या येतात आणि मनही खचतं. या मुंग्या "शुगरच्या नसा" म्हणून वर्षभर चालवल्या जातात.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. काही जण उदास नसतात, शुगरला वैतागलेले असतात. रोजच्या गोळ्या, पथ्य, बायकोची टोकणी, डॉक्टरांचं रागावणं यांचा कंटाळा. नातवंडांत रमतात, भजनाला जातात, फक्त शुगरचा विषय काढला की तोंड फिरवतात. त्यांना डिप्रेशनची गोळी लागत नाही. गोळ्या कमी वेळा, सोप्या करून दिल्या आणि ओरडणं थांबवलं की बरंच काम होतं. पीएचक्यू-९ त्यांच्यात बहुधा १० च्या आत राहतो.

आता दुसरा प्रश्न. "आधी साखर, मग मन" हा क्रम चालत नाही. उदास माणूस गोळ्या घेत नाही, चालत नाही, चहा-बिस्किटावर दिवस काढतो. साखर उतरणार कशी? दोन्ही उपचार बरोबर चालवा, पण दोन औषधं एकाच आठवड्यात सुरू करू नका. मेटफॉर्मिनची सुरुवात किंवा वाढ आणि एसएसआरआयची (फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या गटातली डिप्रेशनची गोळी) सुरुवात यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. दोन्हींनी मळमळ आणि जुलाब होतात. एकदम दिल्या की गुन्हेगार कोण ते कळत नाही आणि रुग्ण दोन्ही बंद करतो.

नवव्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांनी बसून विचारायचं : विचार नुसते येतात की काही ठरवलंय, कशाने, पूर्वी प्रयत्न झालाय का, घरात काय काय आहे. विचारल्याने विचार डोक्यात घातले जातात हा गैरसमज आहे. शुगरच्या घरात इन्सुलिनची कुपी आणि ग्लिमेपिराइडची पाकिटं हीच साधनं असतात, शिवाय उंदीर मारायचं औषध. ती घरच्या माणसाच्या ताब्यात द्यायची, गोळ्या सात दिवसांच्याच द्यायच्या. बेत ठरलेला असेल तर एकट्याला घरी पाठवायचं नाही, १०८ बोलवायची. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ केसपेपरच्या मागे लिहून द्या. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

---

औषधखिडकी

तिसरा प्रश्न माझ्या बाजूचा.

फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम आणि अमिट्रिप्टिलीन ही तिन्ही राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार यादीतली मानसिक आजारांची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्र आणि त्यावरच्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. "आमच्याकडे येत नाहीत" असं ऐकून थांबू नका, मागणीपत्रात नाव लिहिलेलं नसतं म्हणून ती येत नाहीत. सर्ट्रालिन बहुधा जनऔषधीतून घ्यावं लागतं.

मात्रा : फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅम, सकाळी, खाल्ल्यावर. संध्याकाळी दिलं तर झोप उडते. एस्सिटालोप्राम ५ पासून सुरू, आठवड्याने १०. सर्ट्रालिन २५, आठवड्याने ५०. मूळ डोस एवढाच, वाढवायचा तो चार ते सहा आठवड्यांनी.

फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस राहतं. एक-दोन दिवस चुकलं तरी फारसं बिघडत नाही, त्यामुळे गोळ्या चुकवणाऱ्यांना ते बरं. पण त्याचे दोन त्रास आहेत. ग्लिमेपिराइडबरोबर साखर अपेक्षेपेक्षा जास्त उतरू शकते. आणि बीपीसाठी मेटोप्रोलोल चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी चढते, नाडी मंद होते, चक्कर येते. असा रुग्ण असेल तर सर्ट्रालिन घ्या, किंवा फ्लुओक्सेटिन देऊन आठवड्याने नाडी मोजा.

अमिट्रिप्टिलीनबद्दल एक घोळ फार दिसतो. पायाच्या जळजळीसाठी रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅम दिलेलं असतं आणि केसपेपर बघणारा समजतो, डिप्रेशनची गोळी चालू आहे. तो डोस नसांच्या दुखण्याचा. डिप्रेशनला ७५ च्या पुढे लागतो आणि तिथवर जाताना वजन वाढतं, भूक वाढते, तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, उठताना बीपी पडतं. शुगरवाल्याला यातलं एकही परवडत नाही. हृदयविकार, प्रोस्टेट, काचबिंदू असेल तर नकोच. आणि एकदम जास्त घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून मरणाचे विचार असलेल्याच्या हातात त्याचं महिन्याचं पाकीट देऊ नका. फ्लुओक्सेटिन जोडलं तर त्याचीही पातळी वर जाते.

पायाची जळजळ आणि उदासी दोन्ही असेल तर ड्युलोक्सेटिन एका दगडात दोन पक्षी मारतं : ३० मिलिग्रॅम जेवणानंतर, एक-दोन आठवड्यांनी ६०. मात्र दारू पिणाऱ्याला, यकृताचा आजार असलेल्याला आणि मूत्रपिंड बरंच निकामी झालेल्याला देऊ नये. बीपीवर लक्ष ठेवा. उपाशीपोटी साखर थोडी वर जाऊ शकते, ती औषधाने गेली की पथ्य सुटल्याने, हे विचारून घ्या.

मिर्टाझापिन या डिप्रेशनच्या आणखी एका गोळीने झोप आणि भूक दोन्ही येतात, वजनही येतं. वाळलेल्या, अजिबात न जेवणाऱ्या म्हाताऱ्याला ठीक, बाकीच्यांना शेवटी. अल्प्राझोलाम आणि एटिझोलाम बाहेरून आणलेलं बऱ्याच पिशव्यांत सापडतं. झोप लागते म्हणून रुग्ण ते सोडत नाही आणि डिप्रेशन तसंच राहतं. लागलंच तर दोन-तीन आठवडे, तारीख घालून.

हमाल आणि खाणकामगारांना अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक हमखास चालू असतं, तेही बिनचिठ्ठीचं. एसएसआरआय, डायक्लोफेनॅक आणि हृदयासाठी ॲस्पिरिन असं तिहेरी झालं की पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शुगरमध्ये डायक्लोफेनॅक किडनीलाही बाधतं, ते आधी काढा. दुखण्याला ट्रॅमाडॉल दिलं तर एसएसआरआयबरोबर झटके, थरथर, ताप असा प्रकार होऊ शकतो. पॅरासिटामॉलवर भागवा.

---

खाडीकाठचा एमओ

अमिट्रिप्टिलीनचा घोळ आमच्याकडेही सापडेल, आजच केसपेपर बघायला सांगतो. एक राहिलं. साखर वाढली म्हणून ग्लिमेपिराइड वाढवत नेलेले रुग्ण आहेत, दिवसाला चार मिलिग्रॅमवर. डिप्रेशन सुधारल्यावर त्यांचं काय होतं?

---

ठाणे_मनोविकार

हा सगळ्यात धोक्याचा वळणबिंदू आहे आणि तो विचारलात ते बरं झालं.

कागदावर चार मिलिग्रॅम असतं, पोटात दोनही जात नसतं. आठवड्यातले दोन-तीन दिवस गोळी घेतलेलीच नसते, आणि डॉक्टर मात्र साखर बघून डोस चढवत जातात. मग एसएसआरआयने तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उभारी येते. माणूस सगळ्या गोळ्या वेळेवर घेतो, चालायला लागतो. लिहिलेला पूर्ण डोस पहिल्यांदाच पोटात जातो आणि साखर धाडकन खाली येते. चक्कर, घाम, बोबडं बोलणं. रुग्ण म्हणतो, "ती नवीन मनाची गोळी मला लागली नाही," आणि बंद करतो ती नेमकी एसएसआरआय.

म्हणून ग्लिमेपिराइड वाढवण्याआधी पाकिटं मागवून उरलेल्या गोळ्या मोजा. महिन्याच्या साठ गोळ्यांतल्या वीस उरल्या असतील तर डोस वाढवायचा नाही, गोळ्या का उरल्या ते विचारायचं. एसएसआरआय सुरू केल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात साखर मोजा, १०० च्या आसपास उतरली तर ग्लिमेपिराइड निम्मं करा. रुग्णाला आधीच सांगून ठेवा : घाम, थरथर आली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग काहीतरी खायचं.

एपीएमसीत पहाटे भाजीच्या गाड्या उतरवणाऱ्यांना "सकाळी उपाशीपोटी गोळी" असं सांगू नका. त्यांची सकाळ रात्री दोनला होते आणि पहिलं धड खाणं आठ-नऊला. तोवर गोणी उचलणं चालू. ग्लिमेपिराइड पहिल्या खऱ्या जेवणाच्या आधी, मग ते कितीही वाजता असो. ज्या दिवशी जेवण नाही त्या दिवशी ती गोळी नाही. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर अशी कोसळत नाही, त्यामुळे शक्य असेल तिथे ग्लिमेपिराइडचा भार कमीच ठेवा.

एसएसआरआयबद्दल आणखी तीन गोष्टी. सुरू करण्याआधी विचारा : कधी असे दिवस आले का की झोप कमी होऊनही अंगात जोर, बडबड, उधळपट्टी, मोठमोठे बेत? असतील तर गोळी देऊ नका, आमच्याकडे पाठवा. दुसरं, साठीच्या पुढचे रुग्ण आणि बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर दोन आठवड्यांनी सोडियम तपासा, ते उतरू शकतं. म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं, तोल जाऊन पडलं तर ते "वयामुळे" नसेल. तिसरं, पुरुषांना लैंगिक तक्रारी शुगरने आधीच असतात, या गोळीने वाढू शकतात. आपण विचारलं नाही तर ते सांगत नाहीत आणि मुकाट गोळी सोडतात. म्हणून पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं.

---

समुपदेशक_घणसोली

"समुपदेशन करावे" यापलीकडचं हवं होतं ना, मग हे घ्या.

गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' संस्थेने बिगर-डॉक्टर समुपदेशक वापरून 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' चालवला, त्याचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आला. पीएचक्यू-९ पंधरा किंवा वर असलेल्या लोकांना सहा ते आठ बैठका दिल्या आणि त्यांच्यात नेहमीच्या उपचारापेक्षा चांगला फरक पडला. गाभा एकच : मन बरं होईल तेव्हा काम करीन असं न थांबता, छोटं काम आधी ठरवून करायचं आणि त्याने मन किती हललं ते बघायचं.

शुगरच्या रुग्णात हे फार सोयीचं पडतं, कारण ठरवायची कामंच दोन्हीकडे उपयोगी असतात. पण "रोज फिरायला जात जा" हे काम नव्हे. "गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला शेजारच्या ताईंबरोबर गल्लीच्या टोकाच्या मंदिरापर्यंत जाऊन यायचं" हे काम. दिवस, वेळ, सोबत, अंतर चारही ठरलेलं. एकट्या बाईला वस्तीतून फिरता येत नसेल तर बचत गटाची बैठक, हळदीकुंकू, भजनी मंडळ, रेशनच्या दुकानापर्यंत पायी जाणं, काहीही चालतं. पहिल्या आठवड्यात एकच काम, तेही इतकं छोटं की न होणं अवघड. समोर शून्य ते दहा मनाचा अंक. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर ठिपका.

पहिली बैठक समोर, तीस मिनिटं, साखर तपासायला आले त्याच दिवशी. पुढच्या फोनवर, पंधरा-वीस मिनिटं. फोन घरात एकच असतो आणि तो मुलाकडे किंवा नवऱ्याकडे, त्यामुळे कोणत्या वेळी हातात असतो ते आधी विचारा. आणि "आरोग्य केंद्रातून, शुगरच्या तपासणीबद्दल" एवढंच सांगा.

निम्म्या बैठकांत मनाचा विषय नसतोच : भिशीचं कर्ज, कंत्राटदाराने थकवलेला पगार, नवऱ्याचं पिणं, मुलाची फी. ते बाजूला सारून "सकारात्मक विचार करा" म्हटलं तर माणूस पुन्हा फोन उचलत नाही. एका वेळी एकच अडचण घेऊन तिचे दोन-तीन मार्ग लिहायचे आणि पुढच्या फोनपर्यंत एक पाऊल. उपासांचंही विचारा. उदास बाई उपास वाढवते, साबुदाण्याची खिचडी खाते, साखर वर जाते, आणि तिला ओरडा बसतो.

---

एनसीडी सिस्टर

चौथा प्रश्न राहिला, पाठवलेला रुग्ण न पोहोचणे. तिकिटाचे पैसे हे कारण छोटं, दिवसाची मजुरी हे मोठं. त्यातून कुठे पाठवायचं ते माहीत असलं तर एक खेप वाचते. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं आहे आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून त्या विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार निःशुल्क झाले. महापालिकेच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही, म्हणून कळवा किंवा वाशीला पाठवताना केसपेपर-तपासण्यांचा खर्च आधी विचारून घ्या. "वेड्यांचं इस्पितळ" म्हणून ठाण्याला जायला लोक कचरतात, तेव्हा "झोपेच्या आणि मनाच्या तपासणीची ओपीडी" असं सांगितलं तर निदान एकदा जातात. कंत्राटी कामगारांच्या पगारातून ईएसआयची (कामगार विम्याची) रक्कम कापली जाते का ते बघा. वेतन २१ हजारांच्या आत असेल तर ठाणे किंवा वाशीच्या ईएसआय रुग्णालयातून दोन्ही आजारांच्या गोळ्या मिळू शकतात. कित्येकांना स्वतःचा नंबरच माहीत नसतो. महात्मा फुले योजनेचं कार्ड ओपीडीच्या गोळ्यांना चालत नाही, त्याच्या मागे वेळ घालवू नका.

पण खरं म्हणजे बहुतेकांना पाठवायची गरज नसते. गरज असते ती वहीची.

एक वही, आडव्या पानाची. तारीख, पी-९, उपाशी साखर, बीपी, उरलेल्या गोळ्या, पुढची तारीख. मन आणि साखर एकाच ओळीत. दोन वह्या केल्या की एक मरते. आठवड्यातली एक दुपार फोनसाठी राखून ठेवा : नवीन गोळी सुरू झालेल्याला पहिल्या आठवड्यात, मग दुसऱ्या, मग चौथ्या. पहिल्या फोनला एकच काम, "मळमळ, डोकेदुखी, बेचैनी होते का? होणारच, दहा दिवसांत जाते, गोळी सोडू नका." गोळी सुटते ती याच दिवसांत. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्रास पहिल्या दिवसापासून असतो.

---

ठाणे_मनोविकार

सिस्टर, वही अगदी बरोबर. तिला एक जोड द्या. चौथ्या आठवड्यात पी-९ पाच गुणांनीही उतरला नसेल तर त्या नावापुढे लाल खूण. आठवड्यातून अर्धा तास मनोविकारतज्ज्ञाशी फोन, आणि त्या अर्ध्या तासात फक्त लाल खुणांवर बोलायचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना असा ठरलेला वेळ मागता येतो. एका फोनमध्ये आठ-दहा रुग्ण बघून होतात आणि कोणाचीही मजुरी बुडत नाही.

याच बांधणीचा भारतातला 'इंडिपेंडंट' अभ्यास २०२० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. चेन्नई, दिल्ली, बंगळुरू आणि विशाखापट्टणम इथले चार मधुमेह दवाखाने, ४०४ रुग्ण, दोन वर्षं. डॉक्टर नसलेले समन्वयक रुग्णांच्या मागे राहायचे आणि तज्ज्ञ ठरावीक काळाने यादी बघायचे. उदासी निम्म्याने उतरली आणि शिवाय साखर, बीपी, कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक सुधारलं, असे ७१.६ टक्के निघाले. नेहमीच्या उपचारात ५७.४. हे मधुमेहाचे खास दवाखाने होते, नागरी केंद्र नव्हे, तेव्हा आकडे जसेच्या तसे आपल्याकडे उतरतील असं धरू नका. मात्र समन्वयकाचं काम सिस्टर करू शकतात.

डोस बदलायची भीती सोडा. बिघाड बहुतेक वेळा इथेच होतो. वीसचं फ्लुओक्सेटिन सहा महिने तसंच चालू, पी-९ चौदावरच, आणि शेरा "औषध चालू ठेवा". चार ते सहा आठवड्यांत हललं नाही, गोळ्या खरंच पोटात जात आहेत हे मोजून झालं, तर वाढवा. आठ ते दहा आठवड्यांत अर्ध्यावर आलं नाही तर औषध बदलायचं किंवा पाठवायचं. पी-९ पाचच्या खाली आल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवायचं, मग हळूहळू कमी करत बंद. "बरं वाटतंय, आता कशाला" म्हणून महिन्यात सोडणारे पुन्हा घसरतात, आणि त्यांच्याबरोबर साखरही.

---

खाडीकाठचा एमओ

वही आणि लाल खूण या महिन्यापासून सुरू करतो. शेवटचं विचारतो. गणपती, शिमगा, मे महिना, आमचे निम्मे रुग्ण गावी जातात, साताऱ्याकडे, कोकणात. महिना-महिना परतत नाहीत. तेव्हा काय करता?

---

औषधखिडकी

जाण्याची तारीख आधीच्या भेटीत विचारून ठेवायची आणि दोन महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या. नवव्या प्रश्नाला शून्य उत्तर असलेल्यांनाच. बाकीच्यांच्या गोळ्या सोबतच्या माणसाच्या हातात, तेही मोजून. सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम मध्येच संपलं तर चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं, चिडचिड होते आणि लोक त्याला "गावचं पाणी लागलं" म्हणतात. वारंवार गावी जाणाऱ्याला सुरुवातीपासून फ्लुओक्सेटिन हेच सोयीचं, मेटोप्रोलोल नसेल तर. ड्युलोक्सेटिनवाल्याला मात्र एक दिवसही चुकवू नका असं सांगा. वाचता न येणाऱ्यांना पाकिटावर सूर्य-चंद्र काढून द्या, कारण कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो. मेटफॉर्मिन आणि सर्ट्रालिन दोन्ही पांढऱ्या, लांबट मिळाल्या तर अदलाबदल होते आणि मेटफॉर्मिन एकदा, सर्ट्रालिन दोनदा असं चालू राहतं. इन्सुलिनवाले असतील तर गावी फ्रीज नसतोच, ओलं फडकं गुंडाळलेल्या माठात प्लॅस्टिकच्या पिशवीत कुपी ठेवायला सांगा, आणि मिलिलिटरला चाळीस युनिट असलेल्या (यू-४०) कुपीला लाल टोपीचीच सिरिंज, तीही इथूनच मोजून द्या.